तंबूबाहेरची सायकल

कराडहून विट्याकडे निघालेला सायकलस्वार दिवस मावळताना कडेगावच्या टापूत येतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा चांगलं महागातलं कुलूप असतं, पण ते अडकवायला काही सापडत नाही. शहरात रेलिंग असतं, सोसायटीचं गेट असतं, निदान 'नो पार्किंग'चा खांब तरी असतो. इथे बांधावर बाभळ असते, विहिरीवर विजेचा खांब असतो आणि देवळापुढे दीपमाळ. दीपमाळेला साखळी गुंडाळायची कुणाची छाती होत नाही आणि विजेच्या खांबाजवळ तंबू ठोकू नये एवढं शहाणपण बहुतेकांना असतं. राहता राहिली बाभळ. तिच्या काट्यांनी रात्रीतून ट्यूब बसली, तर चोराने केली नसती एवढी अडचण होते.

सायकल सुरक्षित कशी ठेवावी यावर जे काही वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं युरोप-अमेरिकेतल्या शहरांचा विचार करून लिहिलेलं असतं. तिथल्या तंबूतळाला कुंपण, फाटक आणि फाटकाशी एक माणूस असतो. आपल्याकडे पवना धरणाच्या काठावर किंवा कासच्या वाटेवर पैसे घेऊन तंबू देणाऱ्या जागा झाल्या आहेत, पण कडेगाव, पलूस, खानापूर या पट्ट्यात प्रवाशाचा मुक्काम आजही देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात, पेट्रोल पंपामागे, ढाब्यावरच्या खाटेवर किंवा कुणाच्या तरी मळ्यातल्या वस्तीवर पडतो. दक्षिणेला सागरेश्वरचा डोंगर आहे. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या चिकाटीतून उभं राहिलेलं हे जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. तंबूला जागा म्हणाल तर मोहात पाडणारी आहे. पण अभयारण्यात शिरायला वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तिथे मनाला येईल तसा मुक्काम करता येत नाही. डोंगराखाली देवळांच्या बाजूला थांबलात, तर सायकलीपेक्षा आधी खाऊची पिशवी जाते आणि ती माणूस नेत नाही, वानर नेतं. चपला कुत्री नेतात. तंबूतल्या चोऱ्यांचा प्रामाणिक हिशेब मांडला, तर या दोघांना बरीच वरची जागा द्यावी लागेल.

सायकल या मुलखाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात दुकान काढलं ते सायकलींचं. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानाने कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कडेगावाहून ती काही फार लांब नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं दूधवाला, गवंडी, पोस्टमन, तालुक्याच्या शाळेत जाणारं पोरगं हे सगळे सायकलीवरच होते. तेव्हा नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या आणि नंबर कोरलेला पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नाही, कंदील नाही किंवा डबलसीट बसवलंय म्हणून पोलीस पकडायचा, त्याचे किस्से घराघरांत आहेत. ही कटकट गेली त्याचा सगळ्यांनाच आनंद झाला. मात्र तिच्याबरोबर सायकलीची सरकारदरबारची ओळखही गेली. मोटार वाहन कायदा यंत्रावर चालणाऱ्या वाहनांचा. पायाने मारायच्या सायकलीला त्यात नंबर नाही, आरसी बुक नाही. जपानमध्ये सायकल घेतानाच तिची नोंद होते आणि फ्रेमवर स्टिकर लागतो, त्यामुळे बेवारस सापडलेली सायकल मालकापर्यंत पोचवता येते. आपल्याकडे उरला आहे तो कारखान्याने फ्रेमवर ठोकलेला नंबर. तो बहुधा पायडलच्या अ‍ॅक्सलखाली असतो, सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, आणि सायकल चोरीला जाईपर्यंत तो बघायची कुणाला आठवणही होत नाही.

कायद्याचा भाग थोडा सविस्तर बघितला पाहिजे, कारण त्यात तंबूवाल्याच्या कामाच्या दोन गोष्टी दडलेल्या आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 303 व्या कलमात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. कारागृहांची गर्दी बघता तरतूद वाईट म्हणता येणार नाही. पण पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे पोलीस आपण होऊन तपास करणार नाहीत, त्यासाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागेल. आता बघा, पुण्याहून आलेल्या हौशी स्वाराची चाळीस हजारांची गिअरवाली सायकल गेली तर गुन्हा दाखल होतो. साखर कारखान्याच्या हंगामात कोपीत राहणाऱ्या मजुराची, किंवा चार कोसांवरून एमआयडीसीत कामाला येणाऱ्या माणसाची जुनी काळी सायकल गेली, तर वहीत नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली जाते. पहिल्याची सुट्टी वाया जाते, दुसऱ्याचा रोज बुडतो. सायकलचोरीची चर्चा नेहमी पहिल्याच्या अंगाने होते, हा लेखही त्याला पुरता अपवाद नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. संहितेचं 305 वं कलम राहत्या जागेतल्या चोरीचं आहे आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. माणसाच्या राहण्यासाठी वापरात असलेली इमारत, जहाज आणि तंबू या तिन्हींना त्यात एकाच ओळीत बसवलं आहे. जुन्या दंडविधानाच्या 380 व्या कलमातही तंबू होताच. म्हणजे तुम्ही झोपलेल्या तंबूतून सायकल ओढून नेली तर तो घरफोडीच्या जवळचा मामला, आणि तीच सायकल तंबूबाहेर चार हातांवर टेकवली असेल तर साधी चोरी. तंबूपुढच्या कापडी पडवीत निम्मी सायकल आत आणि निम्मी बाहेर असेल तर काय, हा प्रश्न वकिलांनी सोडवावा. प्रवाशापुरता अर्थ एवढाच की सायकल आत घेता येत असेल तर घ्यावी. अडचण अशी की दोन माणसांच्या तंबूत दोन माणसंही नीट मावत नाहीत. पुढचं चाक काढून, हँडल वळवून, चेनला जुनं फडकं गुंडाळून एकट्याची सायकल कशीबशी आत येते. मग रात्रभर पायडल बरगडीत टोचतं. काहींना ते चालतं.

कुलपांविषयी फार लिहून उपयोग नाही, कारण बाजारात ती भरपूर आहेत आणि प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणतो. मागच्या चाकाला असणारं जुन्या सायकलींचं गोल कुलूप सायकल चालवत नेण्यापासून वाचवतं, उचलून नेण्यापासून नाही. बारीक तारेचं कुलूप साध्या पकडीने तुटतं. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं जाड कुलूप खरं भक्कम, पण जड, आणि वर म्हटलं तसं अडकवायला खांब पाहिजे. भक्कम म्हणजे अभेद्य, असंही नाही. 2004 साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नावाजलेल्या कंपनीची गोल किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघडकीला आलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. कुलूप कुठून घालावं याबद्दल मात्र एक कानमंत्र आहे. मॅसॅच्युसेट्समधले शेल्डन ब्राऊन हे मेकॅनिक सांगत, की लहान कुलूप मागच्या चाकात घाला, पण ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून जाईल असं घाला. मग चाकही जात नाही आणि फ्रेमही जात नाही. खांब मिळाला तर हे उत्तम. खांब नाही मिळाला आणि सोबत दोन-तीन सायकली असल्या तर त्या उलटसुलट, एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे करून एकत्र बांधाव्यात. असा गठ्ठा उचलायला तिघे लागतात आणि उसाच्या फडातून न्यायला त्याहून जास्त. एकटा असेल तर सीट काढून उशाला घ्यावी, चाकाच्या आऱ्यातून सुतळी ओवून तिचं टोक तंबूत डब्याला बांधावं, आणि वर मळकी ताडपत्री टाकावी. चकचकीत रंगाचं महागडं आवरण टाकलं तर आत काहीतरी भारी आहे एवढंच लांबून कळतं. पान्याशिवाय निघणारी चाकं हे शहरी सोयीचं दुखणं आहे. लांबच्या प्रवासाला जाण्यापूर्वी तिथे नटबोल्टचा दांडा बसवून घ्यावा. गावातला मेकॅनिक तोही बसवून देतो, आणि बसवताना गिअरकडे बघून 'ह्येचं काय खरं न्हाई' असंही म्हणतो.

आता इथल्या परिस्थितीचं. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला चोरी म्हटलं की सायकल आठवत नाही. त्याला विहिरीवरची मोटार आठवते, स्टार्टर आठवतो, तांब्यासाठी कापून नेलेली केबल आठवते. टेंभू आणि ताकारी योजनांचं पाणी आलं, ऊस वाढला, तशा मोटारी आणि केबलीही वाढल्या. त्यामुळे रात्री दहानंतर विहिरीच्या अंगाला बॅटरी हलताना दिसली, की वस्तीवरचा माणूस काठी घेऊनच उठतो. तुम्ही 'कुणाच्या नजरेस पडू नये' म्हणून उसाच्या आडोशाला गुपचूप तंबू ठोकला असेल, तर त्याच्या दृष्टीने तुम्हीच चोर. लपून राहणं ही परदेशी सायकलप्रवाशांची आवडती युक्ती आहे, आणि ओसाड मुलखात ती चालतही असेल. इथे ती चुकीची आहे, आणि नुसती चुकीची नाही, धोक्याची आहे. 13 सप्टेंबर 2022 रोजी याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून जमावाने मारलं. त्यांचा गुन्हा रस्ता विचारण्याचा होता. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा तसल्याच अफवेतून जीव गेला. सायकलवाल्याच्या अंगावर हेल्मेट आणि चड्डी असते, त्यामुळे त्याला बहुधा एवढं भोगावं लागत नाही. पण अनोळखी माणूस, रात्र आणि गावाबाहेरची जागा ही तीच बेरीज आहे.

म्हणून माझं मत असं, की कडेगावसारख्या भागात सायकल वाचवायची पहिली तयारी दिवस मावळण्याआधी गावात शिरण्याची. पारावर किंवा चहाच्या गाड्यावर थांबायचं. 'काय पाव्हणं, कुठनं आलासा?' हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर नीट द्यायचं: नाव, गाव, कुठे निघालो, सकाळी किती वाजता हलणार. मग मुक्कामाचं विचारायचं. जागा दाखवणारा माणूस त्या क्षणापासून अर्धा जबाबदार होतो, कारण उद्या काही झालं तर नाव गावाचं जाणार. पोलीस पाटलांना सांगून ठेवणं आणखी चांगलं. महाराष्ट्रात 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने हे पद चालतं, आणि गावात आलेल्या अनोळखी माणसांची खबर ठेवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. आपणहून सांगितलं तर त्यांचं काम सोपं होतं. जिल्ह्या-जिल्ह्यांत आता ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे, एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाइलवर आवाज जातो. तो आवाज आपल्या मदतीला जाऊ शकतो आणि आपल्याविरुद्धही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल 1821 साली जो अहवाल छापला, त्यात गावच्या राखणीची रीत दिली आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. माग आपल्याच शिवेत हरवला तर भरपाई आपल्या गावाकडून. प्रवाशाच्या मालाची जबाबदारी ज्या शिवेत तो उतरला तिची. ही व्यवस्था आदर्श होती असं समजायचं कारण नाही. तिच्यातला धाक आणि जुलूम दोन्ही खरे होते. सातारा भागात जे रामोशी ही राखण करत आले, त्यांच्यातल्याच काही लोकांवर पुढे इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, मनातून गेला नाही. त्याची आठवण इथे काढतो त्याला कारण आहे. तुमची सायकल खरंच गेली, तर गावातलं कुणीतरी गावाबाहेरच्या पालांकडे बोट दाखवण्याची शक्यता फार. भटक्यांची पालं म्हणजे या मुलखातले सगळ्यात जुने तंबू, आणि चोरीचा पहिला संशयही त्यांच्यावरच. तुमच्या तक्रारीत 'संशय' या रकान्यात ऐकीव नाव घालू नका. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

रात्रीच्या राखणीचं खरं कसब बघायचं असेल तर मेंढपाळांचा तळ बघावा. परक्याच्या रानात रोज नवा मुक्काम, आणि जित्राब सायकलीपेक्षा कितीतरी महाग. वाघरीचं जाळं मध्ये, माणसं कडेने, कुत्री त्याच्याही बाहेर. त्यांचा तळ रानाच्या मालकाच्या बोलावण्यावरून, खतासाठी बसलेला असतो, म्हणजे परवानगी आधी आणि जाळं नंतर. सायकलवाल्यांच्या गटाने एवढं जरी उचललं, सायकली मध्ये आणि तंबू भोवती, तरी पुष्कळ काम होतं. होतं मात्र उलटं; तंबूंचा छान गोल आणि सायकली रस्त्याच्या बाजूला, फोटोत याव्यात म्हणून.

पोरांचा प्रश्नही असतो. तंबू उभा राहायच्या आत सात-आठ जण जमतात, घंटी वाजते, गिअर करकरतात. कुणी वैतागून हुसकून लावतो आणि मग सकाळी एखाद्या चाकातली हवा गेलेली असते. त्यापेक्षा दोघा-तिघांना एकेक फेरी मारू द्यावी. ज्याने फेरी मारली त्याला ती सायकल थोडी आपली वाटायला लागते आणि दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नाही.

हे सगळं ओळखीचं शहाणपण गर्दीत मात्र निकामी होतं. मोहरमला कडेगावचे उंचच उंच ताबूत बघायला दोन राज्यांतून माणसं लोटतात. त्या दिवशी पारावरचा ओळखीचा माणूसही पाहुण्यांच्या गराड्यात असतो आणि गल्लीत कोण कुणाचा हे कुणालाच माहीत नसतं. श्रावणात सागरेश्वरला तेच, आषाढीला पंढरपुरात तर विचारूच नका. नाशिकपासून वेगवेगळ्या गावांहून सायकलवारी निघते आणि वारीच्या दिवसांत चंद्रभागेपलीकडचा 65 एकरांचा तळ तंबूंनी भरून जातो. अशा ठिकाणी कुलूप, साखळी, पाळीपाळीने पहारा, हेच खरं. जमल्यास यात्रेच्या गावाच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर सायकली कुणाच्या घरी ठेवून पुढे एसटीने जावं. 'ठेवा की आत, कोण न्हेतंय?' असं म्हणणारं घर कराड-विटा रस्त्यावर सापडायला वेळ लागत नाही.

पैसे देऊन तंबू घेतला असेल तर 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी दिसते. तिने घाबरून जाऊ नये. ताज हॉटेलच्या पार्किंगमधून 1998 साली गेलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये सांगितलं, की किल्ली ताब्यात घेऊन गाडी ठेवून घेतली असेल तर निष्काळजीपणाची जबाबदारी नुसत्या पाटीने झटकता येत नाही. मेख 'ताब्यात घेऊन' या शब्दांत आहे. आपणच कुठेतरी टेकवलेली सायकल आणि तंबूतळाच्या माणसाने कोठीत ठेवून चिठ्ठी दिलेली सायकल यांत कायद्याने फरक पडतो. चिठ्ठी मागावी. वहीच्या कागदावरची चालेल.

माग काढणाऱ्या यंत्रांचं सध्या कौतुक आहे. चापट बटणासारखा ब्लूटूथ टॅग सीटखाली लपवला की झालं, असं विकणारा सांगतो. तो टॅग आपण कुठे आहोत हे स्वतः कळवत नसतो. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या फोनने त्याला ऐकावं लागतं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ते मिनिटाला घडेल. देवराष्ट्र्याच्या शिवारात आयफोनवाला सकाळपर्यंत फिरकला नाही, तर टॅगही गप्प. सिमकार्डाचं जीपीएस यंत्र स्वतः बोलतं, पण त्याला चार्जिंग लागतं आणि डोंगराच्या कुशीत रेंज लागते. असू द्यावं, भरवसा ठेवू नये.

चोरी झालीच, तर पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या गावी जाऊन तक्रार करू म्हणत निघून जायचं नाही, आणि इथले पोलीस 'आमची हद्द नाही' म्हणाले तर परतही फिरायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते. तशी दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. खरेदीचं बिल मोबाइलमध्ये असलं की किंमत पाच हजारांच्या वर आहे हे सिद्ध होतं, आणि तिथेच एनसी की गुन्हा हे ठरतं. विमा उतरवलेला असेल तर कंपनी हाच गुन्ह्याचा कागद मागते. बऱ्याच पॉलिसीत सायकल कुलूपबंद होती का, अशीही अट असते, म्हणून झोपण्यापूर्वी कुलूप दिसेल असा एक फोटो काढून ठेवणं शहाणपणाचं. सायकल सापडली तरी ती लगेच हातात पडत नाही. ती मुद्देमाल होते, ठाण्याच्या आवारात उभी राहते, आणि न्यायालयाकडे अर्ज करून सुपुर्दनाम्यावर सोडवून घ्यावी लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यासाठी पुन्हा कडेगावला यावं लागतं, एसटीने. अर्जात फ्रेमचा नंबर लिहायला रकाना असतो. तो मोकळा राहिला, तर आवारात उभ्या असलेल्या तसल्याच चार सायकलींतली आपली कुठली हे न्यायालयाला पटवणं कठीण जातं.